नागपूरहून वायझॅगला जाऊन कुरसुरा पाणबुडी पाहून आलो

दिवाळीच्या सुट्टीत आई, बायको आणि मुलीला घेऊन समता एक्सप्रेसनं विशाखापट्टणमला गेलतो. नागपूरहून थेट गाडी आहे पण रोज नाही, वार बघूनच सुट्टी टाका.

आरके बीचवर वाळूत ठेवलेली 91 मीटरची पाणबुडी, बाप्पा, जवळ गेल्याशिवाय आकार कळतच नाही. 1969 ला नौदलात आली, 71 च्या युद्धात होती, 2001 ला निवृत्त झाली आणि 2002 पासून म्युझियम. आत टॉर्पेडोच्या नळ्या पुढे सहा, मागे चार, दोन्ही बाजूंना पाइप, व्हॉल्व्ह, घड्याळांसारखे मीटर, माझे खांदे घासत होते आणि एवढ्या जागेत पंचाहत्तरेक माणसं राहायची, झोपायची, जेवायची. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल भोक आहे, आधी पाय टाकायचा मग डोकं खाली घालून अंग ओढायचं. आईचे गुडघे दुखतात, ती दुसऱ्या भोकापाशीच अडकली आणि मागे रांग, तिला परत बाहेर काढताना फार हाल झाले. म्हणून गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांना आत नेऊच नका, आणि पाठीवर मोठी बॅगही नको. आत नौदलातून रिटायर झालेले काका माहिती सांगतात, हिंदीत विचारा, मनापासून समजावतात.

मी सातवीत शाळेच्या ट्रिपला मुंबईत नौदलाचं जुनं विमानवाहू जहाज विक्रांत पाहिलं होतं. तिचंही म्युझियमच होतं, 2012 ला सुरक्षेच्या कारणानं बंद केलं, 2014 ला भंगारात विकली आणि मुंबईतल्याच दारूखाना भागात तोडली. विराट या दुसऱ्या विमानवाहू जहाजासाठी तर आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळानं 2018 ला 852 कोटींचा म्युझियमचा प्रकल्प मंजूर केलता, तरी 2020 ला ती गुजरातेत जहाजं तोडतात त्या अलंगच्या किनाऱ्याला लागलीच. पाणबुडीत उभं राहून हे आठवलं आणि खरंच गळा दाटून आला.

पाण्यात उभ्या जहाजाला खारं पाणी खात राहतं, तळाची डागडुजी कधी संपत नाही. कुरसुरा वाळूवर ओढून घेतली म्हणून टिकली. त्यामुळे मला वाटतं, विमानवाहू जहाज सांभाळणं झेपत नसेल तर निदान पाणबुड्या आणि छोटी जहाजं तरी जमिनीवर आणा. गुलदार हे नौदलाचं निवृत्त जहाज सिंधुदुर्गात निवतीजवळ बुडवून पाण्याखालचं म्युझियम करायचं ठरलंय, तेही पटतं, फक्त आधी तेल आणि विषारी माल नीट काढला पाहिजे. मालवाहू जहाजं मात्र तोडावीच लागणार, त्यांच्या लोखंडाच्या सळ्या होतात, पण तोडणाऱ्या मजुराचा जीव सांभाळून. जून 2025 पासून त्यासाठीचा हाँगकाँग करार लागू झालाय, तो अलंगला कागदावरच राहू नये.

सोमवारी म्युझियम बंद असतं, बाकी दिवसांची वेळ निघायच्या आधी बघून घ्या. रस्त्याच्या पलीकडे टीयू-142 विमानाचं म्युझियम आहे, तिकीट वेगळं. बीचवर पाय ओले करण्यापुढे जाऊ नका, पोरांचा हात सोडू नका, पाण्याला ओढ फार आहे.