बस सकाळी सेल्फ खात बसते? आधी सायलेन्सरमागे जाऊन उभे राहा

जुन्या डिझेल बसचं एक असतं, रात्री चांगली बंद केलेली गाडी सकाळी सेल्फवर सेल्फ (स्टार्टर मोटर) खाते, मग एकदाची फुरफुरत चालू होते आणि दिवसभर परत काही तक्रार नाही. आमच्या बसने हे नाटक सुरू केलं तेव्हा ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, बॅटऱ्या टाक नवीन. अरे पण बॅटऱ्या चांगल्या होत्या!

बॅटरी बघायचीच, पण मीटर लावून. 24 व्होल्टची सिस्टीम म्हणजे 12-12 च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, रात्रभर उभ्या गाडीत मिळून 25 च्या आसपास दिसायला पाहिजे आणि सेल्फ मारताना 19 च्या खाली जायला नको. दोन्ही वेगवेगळ्या पण मोजा, एक मेलेली असली की दुसरीलाही घेऊन बुडते. बॅटरी ठीक आणि सेल्फ तरी कण्हतोय, तर मीटरची एक पिन इंजिनच्या ब्लॉकला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावून कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं की अर्थिंगची केबल नाहीतर तिचा नटबोल्ट गंजलाय समजा, घासून परत घट्ट करायचा. डिझेलला स्पार्क नसतो, हवा दाबली जाऊन तापते त्यावरच सगळा खेळ, आणि सेल्फ हळू फिरला की ती हवा पुरेशी तापतच नाही.

सेल्फ जोरात फिरतोय तरी गाडी घेत नाही, मग धूर बघा. फुकटचं टेस्टिंग आहे आणि लोक नेमकं हेच करत नाहीत. पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल आत जातंय पण जळत नाहीये, तिथे कॉम्प्रेशन (हवेचा दाब), टॅपेट (व्हॉल्व्हची फट), डिझेल फवारणारं नोझल, डिझेल सोडायचं टायमिंग आणि आत येणारी हवा तापवणारा हीटर असेल तर तो, या बाजूला शोधायचं. धूरच नाही म्हणजे डिझेल पोचतच नाही. अशा वेळी सगळ्यात आधी स्टॉपची केबल (इंजिन बंद करताना डिझेल तोडणारी) पूर्ण मागे येतेय का बघा, जुन्या गाडीत ती अर्ध्यात अडकते आणि आपण नोझलला डिझेल दाबाने देणाऱ्या इंजेक्शन पंपाच्या नावाने बोंबलत बसतो.

आमच्याकडे धूर नव्हता, केबल ठीक होती, म्हणजे डिझेलच्या लाईनमध्ये एअर. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या (टाकीतून डिझेल आणणारा छोटा पंप) लाईनमधून डिझेल ओढलं जातं, तिथे प्रेशर नसतं उलट ओढ असते, त्यामुळे बारीक फट असली तरी बऱ्याचदा बाहेर थेंबही दिसत नाही पण हवा मात्र आत जाते. गाडी रात्रभर उभी राहिली की त्या फटीतून हवा शिरते, डिझेल हळूहळू टाकीकडे उतरतं, आणि सकाळी आधी ती रिकामी लाईन भरण्यातच सेल्फचा दम जातो. ओळखायचं कसं तर सकाळी सेल्फला हात लावायच्या आधी हँड पंप (लाईनमध्ये हाताने डिझेल भरायचा) कडक होईपर्यंत मारायचा, मग पहिल्या फटक्यात चालू झाली तर चोर तिथेच आहे. फीड पंपाच्या आधी पारदर्शक पाईपचा तुकडा जोडला की बुडबुडे डोळ्यांनीच दिसतात. आम्हाला ते दिसले, आणि निघाला काय तर बँजो बोल्टचा (डिझेलचा पाईप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचा वॉशर, आधी कुणीतरी फिल्टर बदलताना जुनाच परत लावलेला, त्यावर नखाने जाणवेल अशी आडवी चर. नवीन वॉशर टाकला, फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करून फेस जाऊन सलग धार येईपर्यंत हँड पंप मारला, धार चालू असतानाच स्क्रू आवळला. विषय संपला.

तोपर्यंत इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या पाईपमध्ये, पटकन पेटणाऱ्या ईथरचा स्प्रे मारायचा सल्ला पण मिळालाच. हीटर किंवा ग्लो प्लग (सिलिंडर आतून तापवणारा) असलेल्या इंजिनात तो मारू नका, इनटेकमध्येच भडका उडतो, आणि नसले तरी अवेळी पेटून पिस्टन-रिंगांची वाट लागू शकते.

आणि तुमची बस सकाळी मस्त चालू होऊन गरम झाल्यावर अडत असेल तर वरचं एअरचं पुराण जरा बाजूला ठेवा. तापलेलं डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या इंजेक्शन पंपात आतल्या आत निसटतं, रोटरी पंपात (एकच फिरता भाग सगळ्या सिलिंडरांना डिझेल देतो तो प्रकार) तर हे फारच दिसतं. इंजिन बंद असताना पंपावर ओलं फडकं टाकून थोडं थांबा, त्यानंतर लगेच चालू झाली तर पंप खोलायलाच द्या.