तीन नंबर वळली, चार नंबर फुटली

गिटारच्या वळणदार बाजूंसाठी एकाच फळीतून लागोपाठ चिरलेल्या दोन पट्ट्या. जाडी तीच, वळवायचा तापता पाइप तोच, हात तोच. सकाळी तीन नंबरची पट्टी वळली आणि दुपारी चार नंबरची कंबरेत टक् करून फुटली. गिटार आता पुरी होत आली आहे, पण ती टक् काही डोक्यातून जात नाही.

मी ब्रह्मपुरीकडचा सुतार. पोटापाण्याला दारं, चौकटी, सागवानी पलंग. मधल्या वेळात गिटार. हे काम एका निवृत्त गुरुजींचं. जुनं घर पाडलं, त्यातली शिसमची बंगई, म्हणजे झोपाळ्याची फळी, उरली, तिची नातीसाठी गिटार करून हवी होती. फळी बघून मी हरखलोच. शोरूममध्ये शीशम म्हणून जे विकतात ते बहुतेक उत्तरेकडच्या वेगळ्या जातीचं झाड. हे आपल्या रानातलं खरं शिसम, जांभळट काळ्या रेघांचं, ज्याला जगभरचे गिटारवाले इंडियन रोजवुड म्हणतात. 2017 पासून परदेशी व्यापाराला परवाने लागतात असं हे लाकूड. तयार वाद्यांना 2019 मध्ये त्यातून सूट मिळाली. गुरुजींनी त्याच बंगईच्या तुटक्या टोकावर गॅसचं सिलिंडर ठेवलं होतं.

चिराई हा वेगळाच ताप. आरा मशीनवाल्याला चार मिलिमीटरचे पत्रे काढायचे म्हटलं तर तो हसला. "माचिस काढता का भाऊ?" त्याच्या पात्याने जेवढं लाकूड हातात येतं जवळजवळ तेवढंच भुशात जातं. म्हणून घरच्या छोट्या बँडसॉवर, जीव मुठीत धरून, मीच चिरलं. कड्यांच्या भोकांजवळचं लाकूड लोखंडाने काळं पडलेलं, ते सोडलं. बाजूच्या पट्ट्या मुद्दाम फळीच्या कडेच्या भागातून घेतल्या, कारण तिथे रेषा उभ्या येतात आणि उभ्या रेषेची पट्टी वळताना कमी दगा देते. चिरतानाच प्रत्येकीवर पेन्सिलने नंबर टाकला. मग घासून दोन मिलिमीटरवर आणल्या. लांबी 80 सेंटिमीटर, रुंदी 12.

आता वळवणं. लोकांना वाटतं लाकूड रात्रभर टाकीत भिजवायचं. व्हिडिओतही दाखवतात. पातळ पट्टी तशी भिजवली तर ती आडवी पन्हाळते आणि शिसमचा रंग पाण्यात उतरतो. पाण्याचं काम थोडंच, खरं काम उष्णतेचं. लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारं लिग्निन ओलाव्यात शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं. तेवढ्या वेळात वळवून घ्यायचं. थंड झालं की ते तिथेच घट्ट होतं. माझा पाइप लोखंडी, आत गॅसचा बर्नर. पाण्याचा थेंब टाकला की चुरचुरून उडाला पाहिजे. थेंबाची गोळी होऊन पळू लागली तर पाइप फार तापला, लाकूड करपणार. पाइप आणि लाकूड यांच्यामध्ये अ‍ॅल्युमिनियम फॉइल, पाठीला पातळ स्प्रिंग स्टीलची पट्टी. ती पट्टी महत्त्वाची. गरम लाकूड दाबलं तर बरंच दबतं, पण ताणलं तर एक-दोन टक्क्यांतच तुटतं. तो ताण स्टील घेतं. नातीला शोभेचा कटअवे, म्हणजे गळ्याजवळ खांद्यात आत वळलेली खाच, हवा होता, त्याला मी सरळ नाही म्हटलं. दोन मिलिमीटरच्या पट्टीला दहा सेंटिमीटर त्रिज्येची कंबर दिली तर बाहेरचा थर एक टक्का ताणतो. कटअवेच्या खाचेत तोच ताण तीन टक्क्यांच्या घरात जातो. वारसाच्या लाकडावर हा जुगार कोण खेळणार?

कंबर आधी, मग खालचा घेर, मग वरचा. पाइपवर पट्टी झुलवत राहायची, जोर लावायचा नाही. एका क्षणी ती हातात सैल पडते आणि शिसमचा गोडसर वास सुटतो. तीन नंबरची अशीच आली. साच्यात बसवली, क्लॅम्प लावले. गुरुजी तोवर बाजेवर बसून एकेक घोट चहा घेत होते. बघणारं माणूस मला कामात नको असतं, पण गुरुजींना कोण उठवणार.

अकराच्या सुमारास लाइट गेली. मे महिना, ब्रह्मपुरीचा. शेहेचाळीसच्या वर पारा. कूलर बंद. लाइट चारपर्यंत येत नाही हे फोनवर कळलं, तेही तिसऱ्यांदा लावल्यावर. पाइप गॅसवरच होता, म्हणून जेवण उरकून चार नंबर हातात घेतली. पाणी मारलं, फॉइल गुंडाळली, स्टील लावलं. सैलपणा आला असं वाटलं, कंबर अर्धी आली, आणि टक्.

फट कुठे पडली ते बघा. कंबरेत पट्टी बाहेरून आत दबलेली असते, ताण पडतो तो वाद्याच्या पोटातल्या बाजूला. म्हणजे फट आत. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. गुरुजी वाकून बघत म्हणाले, "दिसत नाही ना? मग चिकटवून टाका. काहून नाही जमत?" जमतं. पातळ गोंद सोडून आतून आडव्या रेषेचं ठिगळ मारलं की गिटार वाजेल. तारांची सत्तर किलोची ओढ थेट कंबरेवर येतही नाही. पण इथला जुलै आणि इथला मे एकाच ठिगळाने सोसायचा म्हणजे अवघड, म्हणून मी नाही म्हणालो. गुरुजींना ते कंजूष माणसाच्या घरात उधळपट्टी केल्यासारखं वाटलं असावं.

कारण काय, यावर ज्याला त्याला मत आहे. गुरुजींचं म्हणणं, बंगईवर पन्नास वर्षं भार पडला, लाकूड थकलं. भार पडलेल्या फळीत वरचा थर दबतो, त्यात न दिसणाऱ्या दबलेल्या रेघा पडू शकतात, हे खरंच आहे. पण मग शेजारची तीन नंबर कशी वळली? शेजारचे बुरूडकाका म्हणाले, "आम्ही सुकला बांबू वाकवतच नाही बापा." मी म्हटलं, पाणी मारलं होतं. "वरून."

तेच मला खुपतंय. पावसाळ्यात इथल्या लाकडात 15 टक्क्यांच्या वर ओल जाते. मेच्या झळेत उघडी पडलेली पातळ पट्टी 3-4 टक्क्यांवर येते. तीन नंबर रात्रभर कूलरच्या ओलसर हवेत होती. चार नंबर त्यानंतर चार-पाच तास कोरड्या झळेत पडली. एवढ्या वेळात दोन मिलिमीटर लाकूड आतपर्यंत सुकेल का? सुकेलही. की भिंगातून बघताना फटीपाशी तंतू तिरपे जाताना दिसले, तेच खरं कारण? ते तिरपेपण तीन नंबरमध्येही आहे, जरा कमी.

सात नंबरची पट्टी रात्री लाइट आल्यावर, कूलरसमोर ठेवून, ओल्या खाकी कागदात गुंडाळून वळवली. आली. पण ती फळीच्या दुसऱ्या कडेची, त्यामुळे तिने काहीच सिद्ध होत नाही. आता गिटारच्या दोन बाजूंच्या रेषा जुळत नाहीत. नातीला कळलेलं नाही, मला रोज दिसतं.

उरलेल्या पाच आणि सहा नंबरच्या पट्ट्या गुरुजींना देव्हाऱ्यासाठी परत हव्या आहेत. मी त्या मागून घेऊन ठेवल्या आहेत. पाऊस लागला की एक तशीच वळवायची, दुसरी भट्टीजवळ सुकवून. गुरुजींना तसं सांगितलं.

"म्हणजे देव्हारा दसऱ्याशिवाय होत नाही, असं सांगा ना भाऊ."