मलापास्कुआच्या पाण्यातील मँडरिन मासा

थ्रेशर शार्क पाहण्यासाठी जगभरातील डायव्हर फिलिपिन्समधील मलापास्कुआ बेटावर येतात. मी मात्र तेथे गेलो तो सहा-सात सेंटीमीटर लांबीच्या मँडरिन माशासाठी. सेबूच्या उत्तर टोकावरील माया बंदरातून होडीने हे बेट सहज गाठता येते.

सूर्यास्ताच्या सुमारास आम्ही दीपगृहाजवळच्या प्रवाळभित्तीवर उतरलो. तेथे मोडक्या प्रवाळफांद्यांचा खच पडलेला आहे आणि मधूनमधून प्रवाळांची दाट झुडपे आहेत. दिवसभर हा मासा त्यांतच दडून राहतो, त्यामुळे गाइडने लाल प्रकाशाचा टॉर्च लावून आम्हांला एका झुडपासमोर स्थिर राहण्याची खूण केली. काही वेळाने नारिंगी नागमोडी रेघांचा गडद निळा नर बाहेर आला. बहुतेक निळ्या माशांचा निळेपणा हा प्रकाशाच्या परावर्तनाचा खेळ असतो. या माशाच्या त्वचेतील पेशींत मात्र खरे निळे रंगद्रव्य असते, हे १९९५ मध्ये दाखवून देण्यात आले. त्याच्या अंगावर खवले नसतात, कडवट आणि दुर्गंधी बुळबुळीत थर असतो, म्हणून इतका भडक रंग मिरवणे त्याला परवडत असावे.

मग एक मादी त्याच्या अंगाला बिलगली आणि दोघे संथपणे झुडपाच्या वर चढले. क्षणार्धात अंडी व शुक्राणू पाण्यात सोडून दोघेही पुन्हा फांद्यांत शिरले. प्रवाहाबरोबर तरंगत जाणाऱ्या अंड्यांकडे आईबाप ढुंकूनही पाहत नाहीत. मादी एका संध्याकाळी एकदाच अंडी सोडते आणि शक्यतो मोठा नर निवडते. दुर्दैवाने मत्स्यालयांच्या बाजारातही लांब पृष्ठपराच्या मोठ्या नरांनाच अधिक मागणी असते.

हाच मासा मी पूर्वी एका दुकानातील टाकीत पाहिला होता. रंग तसेच झळाळत होते, पण पोट खपाटीला गेले होते. निसर्गात तो दिवसभर प्रवाळफांद्यांच्या आडोशाने कोपेपॉडसारखे सूक्ष्म जीव टिपत फिरतो. नव्या टाकीत ते लवकर संपतात, तयार खाद्याला तो बहुधा तोंड लावत नाही आणि हळूहळू उपासमारीने मरतो. ‘जिवंत’ म्हणजे सूक्ष्म जीवांची वस्ती असलेल्या खडकांनी भरलेल्या, मुरलेल्या टाकीतच त्याचा निभाव लागतो. अलीकडे टाकीतच पैदास केलेली, गोठवलेल्या खाद्याची सवय लावलेली पिल्लेही मिळू लागली आहेत. ज्याला हा मासा पाळायचाच असेल त्याने तीच मागावीत.