180 लिव्हरची केबिन

इंग्लंडमधल्या श्रूजबरी स्टेशनचे फलाट थेट सेव्हर्न नदीवरच्या पुलावर गेलेले आहेत. पूल संपला की रुळांच्या त्रिकोणात विटांची एक उंच सिग्नल केबिन दिसते. ही सेव्हर्न ब्रिज जंक्शन, लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेने 1903 मध्ये बांधलेली. आतल्या फ्रेममध्ये 180 लिव्हर आहेत, म्हणजे सिग्नल आणि रुळांचे सांधे हलवणाऱ्या, हाताने ओढायच्या तरफा. चालू असलेली एवढी मोठी यांत्रिक केबिन जगात दुसरी उरलेली नाही.

सगळे वरच्या काचांचे फोटो काढतात. माझ्या मते केबिन खालून वर वाचावी. वरच्या मजल्यावर दिसतो तो लिव्हरचा फक्त दांडा. खालच्या विटांच्या खोलीत इंटरलॉकिंग असतं, म्हणजे एकमेकांच्या खाचांत अडकून चुकीचा लिव्हर ओढू न देणाऱ्या पोलादी पट्ट्या. तिथूनच भिंतीच्या पायथ्याशी सळया आणि तारा रुळांकडे निघतात. इमारतीची लांबी ठरते ती लिव्हरच्या संख्येवरून. उंची हवी, कारण शेजारच्या रुळावर गाडी उभी असली तरी पलीकडच्या गाडीच्या शेवटच्या डब्याचा दिवा दिसायला हवा. तो दिसला की गाडी अख्खी आली, मागे डबा राहिला नाही.

रंगांचा नियम ठरलेला: सांध्याचा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जोडाचा लिव्हर काळा, सांध्याच्या कुलपाचा निळा, थांब-सिग्नलचा लाल, डिस्टंटचा, म्हणजे पुढच्या सिग्नलची आगाऊ सूचना देणाऱ्या सिग्नलचा पिवळा, रिकामा पांढरा. काळ्याने सांधा बसवायचा, निळ्याने कुलूप घालायचं, मगच लाल ओढता येतो. समजा, सांध्याच्या पात्यात खडीचा तुकडा अडकला. पातं रुळाला टेकत नाही, कुलपाचा खिळा खाचेसमोर येत नाही, निळा लिव्हर अर्ध्यात अडतो आणि लाल जागचा हलत नाही. आपल्याकडे हीच परीक्षा 5 मिमीची पट्टी मुद्दाम मध्ये ठेवून घेतात. कुलूप लागलं तर सांधा नापास.

उन्हाथंडीचा त्रास सिग्नलच्या तारेला जास्त. 300 मीटर तार 20 अंशांच्या फरकाने जवळपास 7 सेंटीमीटर वाढते. उन्हात ती सैल पडली की सिग्नलचा हात पुरता हलत नाही. थंडीत आखडली तर ओढलेला हात ‘थांब’वर पुरता परत येत नाही, आणि हे जास्त धोक्याचं. म्हणून केबिनमध्येच तार कमीजास्त करायची सोय असते. सांध्याच्या सळईला मधोमध एक फिरती कमान बसवतात: अर्धी सळई ओढते, अर्धी ढकलते, वाढ आपसात फिटते.

लिव्हर धरताना हातात फडकं हवंच. घासून चकचकीत केलेल्या पोलादी मुठीवर घामाने गंज चढतो.

अशी केबिन जपताना फ्रेम काढून नुसती इमारत ठेवणं मला पटत नाही. खालच्या खोलीच्या खिडक्या विटांनी बुजवणं त्याहून वाईट. ओल आत कोंडते आणि पट्ट्यांच्या खाचा गंजून धरायला लागतात.