आमची वाटचाल : आधी वजनकाटा, मग हात

‘बाळ अंगावर लागत नाही’, ‘लागतं, पण त्याला पुरत नाही’, ‘पाजताना जीव जातो’. वडोदऱ्यात आम्हाला येणारे बहुतेक फोन या तीनपैकी एका वाक्याने सुरू होतात. कधी मराठीत, कधी गुजरातीत, बऱ्याचदा दोन्ही मिसळून, कारण दांडिया बाजारातल्या मराठी घरात सूनबाई गुजराती असते, नाहीतर कारेलीबागेतल्या गुजराती घरात मराठी.

आमचं काम दूध काढायची यंत्रं भाड्याने देण्यापासून सुरू झालं. यंत्र घरी पोचवताना दिसायचं, की बरीचशी अडचण यंत्राने सुटणारी नाहीच. बाळाच्या तोंडात नुसतं स्तनाग्र असायचं, आजूबाजूचा काळसर भाग बाहेरच. मग यंत्राबरोबर पाजणं बघून देणंही सुरू झालं आणि पुढे तेच मुख्य काम झालं. आता आमच्यात स्तनपान सल्लागार आहेत आणि तान्ह्या बाळांवर काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे.

पहिला मोठा खर्च केला तो वजनकाट्यावर. टांगायच्या स्प्रिंगच्या काट्यावर १०० ग्रॅमच्या खुणा असतात. तो महिन्याचं वजन सांगेल, एका वेळचं पिणं नाही. आम्हाला २ ते ५ ग्रॅमचा फरक दाखवणारा डिजिटल काटा लागतो. पाजण्याआधी वजन, पाजल्यावर पुन्हा वजन, अंगावर तेच कपडे, तोच लंगोट. मध्ये शी-शू झाली तरी लंगोट बदलायचा नाही, सगळी चूक तिथेच होते. वाढलेला १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिलिलिटर दूध. एकाच वेळच्या आकड्यावरून मात्र काही ठरवू नये, कारण सकाळचं पिणं आणि संध्याकाळचं पिणं सारखं नसतं.

पहिल्या दोन दिवसांत हा काटा फारसा उपयोगी नाही. पहिल्या २४ तासांत बाळ एका वेळी जेमतेम २ ते १० मिलिलिटर चीक पितं. दूध उतरायला साधारण दोन ते तीन दिवस लागतात. सिझेरियन, मधुमेह किंवा बाळंतपणात जास्त रक्तस्राव झाला असेल तर आणखी उशीर होतो. नेमक्या याच काळात घरात ‘दूधच नाही’ असं ठरवून वरचं दूध सुरू होतं. आम्ही तेव्हा शी-शू मोजायला सांगतो. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा शू हवी, आणि काळी शी तोवर पिवळी व्हायला हवी. जन्मवजनात ७ टक्क्यांपर्यंत घट चालते. १० टक्के, म्हणजे तीन किलोच्या बाळात ३०० ग्रॅम घट झाली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. आईला सलाईन बरंच दिलं असेल तर बाळाचं जन्मवजनही थोडं फुगलेलं असतं, हेही डॉक्टरांशी बोलताना लक्षात ठेवावं. दोन आठवड्यांत जन्मवजन भरून यावं आणि त्यानंतर रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ व्हावी.

मग पकड. आई पलंगावर मांडी घालून बसते आणि बाळाकडे वाकते. पंधरा मिनिटांत पाठ भरून येते आणि पकड सुटते. बाळ वर यायला हवं, आई खाली जायला नको. मांडीवर घट्ट उशी, बाळाचं पोट आईच्या पोटाला, कान-खांदा-कंबर एका रेषेत. बाळाचं नाक स्तनाग्रासमोर आणायचं, तोंडासमोर नाही. मग मान किंचित मागे जाते, तोंड मोठं उघडतं आणि हनुवटी आधी स्तनाला लागते. त्या क्षणी बाळाला खांद्यामागून जवळ घ्यायचं. डोकं मागून दाबायचं नाही, दाबलं की बाळ डोकं उलट मागे ढकलतं. नीट लागलं असेल तर काळसर भाग वरच्या ओठाकडे जास्त दिसतो, खालच्या ओठाकडे कमी. पान्हा फुटल्यावर एक-दोन चोखण्यांमागे एक गिळणं ऐकू येतं. सुटल्यावर स्तनाग्र तिरकं, चेपलेलं दिसलं तर पकड वरवरची होती. पकड तशीच राहिली तर कितीही मलम लावलं तरी स्तनाग्राला पडलेली भेग भरणार नाही.

हाताचं काम, म्हणजे बाळाच्या मानेला, पाठीला, जबड्याला हळुवार स्पर्श, आम्ही यानंतर जोडलं, आणि आजही ते याच क्रमाने करतो. व्हॅक्यूम किंवा चिमटा लावून झालेली, पायाळू, जुळी अशी काही बाळं एकाच बाजूला मान ठेवतात. एका स्तनाला छान लागतात, दुसऱ्याला रडतात. यावर पहिला उपाय हात लावण्याचा नाहीच. डाव्या स्तनाला आडवं धरून पाजल्यावर बाळाची कूस न बदलता त्याला तसंच सरकवून उजव्या स्तनाला न्यायचं, पाय आईच्या उजव्या काखेखालून मागे. बाळाच्या दृष्टीने काहीच बदलत नाही. मानेचा स्नायू खरोखर आखडलेला असेल, गाठ लागत असेल, तर बालरोगतज्ज्ञांनी तपासून फिजिओथेरपी लवकर सुरू करावी.

आमची पद्धत साधी आहे. पाजण्याआधी अर्धा तास, बाळ जागं पण भुकेने कासावीस नसताना. तेल नाही. हात कोमट करून एक तळवा मानेमागे, दुसरा पाठीवर; दाब इतकाच की कातडी हलेल, स्नायू दबणार नाही. गालांवर, जबड्याच्या सांध्याजवळ बोटांनी हळू गोल. बाळाने बोटं फाकवली, जांभया दिल्या, उचकी लागली, रंग बदलला की थांबायचं. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. मग आईच्या उघड्या छातीवर पालथं. मान मोडणं, झटका देणं आम्ही कधीच करत नाही. अशा हळुवार स्पर्शाने पिणं सुधारतं याचे पुरावे अजून तोकडे आहेत. म्हणून आधी-नंतरचं पाजणं बघतो आणि फरक नसेल तर ते बंद करतो.

मालीश करणाऱ्या बाईंशी आम्ही आदराने बोलतो. घरात शब्द त्यांचा चालतो. त्यांना तीनच गोष्टी सांगतो. बाळाची छाती पिळून ‘दूध’ काढू नका, आईच्या संप्रेरकांमुळे आलेली ती सूज आपोआप जाते आणि पिळल्याने पू होऊ शकतो. नाका-कानात तेल नको. आणि जोरदार मालीश, कडक पाणी, मग चार तास झोप असं झालं की एक-दोन वेळचं पाजणं बुडतं. बाळाने २४ तासांत आठ ते बारा वेळा प्यायला हवं. गळथूथी (नवजात बाळाला चाटवायचं गुळाचं पाणी) आणि मधाचं बोट यांनाही आमचा स्पष्ट नकार असतो. मध वर्षभर नकोच.

जिभेखालचा पडदा कापायची घाई हल्ली वाढली आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२४मध्ये सांगितलं, की आधी पकड सुधारून बघा आणि पाजण्यात खरी अडचण असेल तरच कापण्याचा विचार करा. आम्हीही तेच करतो.

बाटल्या आणि पावडर आम्ही ठेवत नाही. १९९२च्या कायद्याने, २००३च्या दुरुस्तीसह, त्यांच्या जाहिरातीला बंदी आहेच. वरचं द्यावं लागलंच तर आईचं काढलेलं दूध, बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने. नाहीतर ५ किंवा ६ नंबरची बारीक नळी स्तनाग्राशी चिकटवून, दुसरं टोक वाटीत. बाळ अंगावरच पितं आणि स्तनालाही चालना मिळते.

यंत्र देताना आता स्तनाग्र मोजतो. सोबत बहुधा स्तनावर बसवायचं २४ मिलिमीटरचं नरसाळं येतं, बऱ्याच जणींना त्याहून लहान लागतं; मोठं असेल तर काळसर भाग आत ओढला जाऊन सुजतो. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंत चार तास टिकतं, पण वडोदऱ्याच्या मे महिन्यात त्या चार तासांवर विसंबू नये. काढलं की लगेच फ्रिजमध्ये, मागच्या बाजूला, दारात नाही.

दूध साकळून स्तन दगडासारखे झाले तर रगडू नये, शेकू नये. थंड पट्टी ठेवावी. पाजण्याआधी बोटांची टोकं स्तनाग्राभोवती ठेवून मिनिटभर छातीकडे दाबावं, म्हणजे तो भाग मऊ होतो आणि बाळाला पकडता येतो.

बाळ उठवूनही उठत नसेल, शू कमी झाली असेल, पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत आला असेल किंवा ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त असेल, तर आम्हाला फोन करण्यात वेळ घालवू नका, सरळ दवाखान्यात जा. एरवी भेट ठरवताना बाळाच्या भुकेची वेळ धरा, आदल्या २४ तासांतल्या शी-शूची नोंद आणि डिस्चार्ज कार्ड जवळ ठेवा, आणि त्या दिवसाची मालीश आम्ही येऊन गेल्यावर करा.