माध्यमिक वर्गासाठी पुस्तकं: यादीच्या आधी ठरवायच्या गोष्टी

‘तेरा ते सोळा वयाच्या मुलांच्या वर्गात वाचायला कोणती पुस्तकं घ्यावीत? एखादी यादी द्या ना,’ असं शिक्षक नेहमी विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे. यादी देणं सोपं आहे, पण ती तुमच्या वर्गाला लागू पडेलच असं नाही. तेच पुस्तक शिक्षकाबरोबर वाचताना मुलांना आवडतं आणि घरी एकट्यानं वाचायला दिलं की दहाव्या पानावर अडकून पडतं. म्हणून आधी हे ठरवा: पुस्तक सगळ्या वर्गानं मिळून वाचायचं आहे, पाच-सहा जणांच्या गटानं, की ज्याचं त्यानं? किती अवघड पुस्तक चालेल, ते यावरच ठरतं.

पॉल नेशन आणि मार्सेला हू यांनी २००० साली इंग्रजी शिकणाऱ्या वाचकांवर केलेल्या अभ्यासाचा आधार इथे घेता येतो. कुणाच्याही मदतीशिवाय गोष्ट नीट कळायला साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, म्हणजे ५० शब्दांमागे एकच अनोळखी. २५० शब्दांच्या पानावर हे पाच शब्द होतात. हेच प्रमाण ९० टक्क्यांवर आलं की त्याच पानावर २५ अनोळखी शब्द येतात, आणि मग मूल गोष्ट सोडून शब्दांशीच झगडत बसतं. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. अंदाज घ्यायला मात्र ते पुरेसे आहेत.

हा अंदाज स्वतः घेऊ नका, मुलांकडून घ्या. पुस्तकातली तीन पानं निवडा: एक तृतीयांश भागानंतरचं एक, मधलं एक आणि शेवटाकडचं एक. पहिलं पान नको, कारण सुरुवात लेखकानं विशेष घासूनपुसून लिहिलेली असते, पुढची भाषा तशीच असेल याची खात्री नसते. वाचनात पुढे असलेली दोन, मधली दोन आणि मागे पडणारी दोन मुलं घ्या. त्यांना अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारायला सांगा आणि वाचून झाल्यावर पान उलटं ठेवून दोन-तीन वाक्यांत काय घडलं ते विचारा. हा दुसरा भाग गाळू नका. रेघा कमी आहेत आणि तरी सांगता येत नाही, असं पुष्कळदा होतं. अशा वेळी अडचण शब्दांत नसते, ती वाक्यरचनेत किंवा विषयाच्या अपरिचयात असते.

विषयाची ओळख किती फरक पाडते हे डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांच्या १९८८ सालच्या प्रयोगात स्पष्ट दिसतं. त्यांनी सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा जास्त सांगू शकली. त्यामुळे अवघड पुस्तक हवंच असेल तर ते एकटं आणू नका. दुष्काळावरची कादंबरी घेणार असाल तर आधी एक छोटी बातमी, पावसाचा एक आलेख आणि एखाद्या शेतकऱ्याची मुलाखत वाचून घ्या. आलेखाला दहा मिनिटं पुरतात. कादंबरीत पुढे येणारे शब्द मुलांच्या कानावर आधीच पडलेले असले की वाचनाची गती बदलते.

संक्षिप्त किंवा ‘सोप्या केलेल्या’ आवृत्त्यांबद्दल सावध राहा. सोपं करणारा बहुधा वाक्यं तोडतो आणि तोडताना जोडणारे शब्द गळतात. ‘पाऊस लांबल्यामुळे धरण भरलं नाही, म्हणून शहरात पाणीकपात करावी लागली’ हे मूळ वाक्य. सोप्या आवृत्तीत ते ‘पाऊस लांबला. धरण भरलं नाही. शहरात पाणीकपात झाली’ असं होतं. वाक्यं आखूड झाली, पण कशामुळे काय झालं ते आता वाचणाऱ्यानं स्वतः जुळवायचं. मागे पडलेल्या मुलाला नेमकं हेच जमत नसतं. वाक्याची आणि शब्दाची लांबी मोजून सोपेपणा ठरवणारी सूत्रं हा फरक पकडू शकत नाहीत. अशा आवृत्तीपेक्षा मूळ पुस्तकातली निवडक चाळीस पानं आणि गाळलेल्या भागाचा शिक्षकानं तोंडी सांगितलेला सारांश केव्हाही बरा.

वेळेचं गणित पुस्तक घेण्याआधीच मांडा. मोठ्यानं वाचन, थांबून चर्चा, प्रश्न हे सगळं धरून एका तासिकेत आठ पानं होत असतील तर २०० पानांना २५ तासिका लागतात. आठवड्याला दोन तासिका मिळाल्या तर तीन महिने गेले. तोवर सुरुवातीची पात्रंही मुलं विसरतात. सगळ्या वर्गासाठी म्हणूनच लहान कादंबरी, दीर्घकथा किंवा नाटक निवडावं. नाटकाकडे शिक्षक विनाकारण दुर्लक्ष करतात. त्यात संवाद वाटून घेता येतात आणि मागे पडणारं मूलही आपल्या चार ओळींची तयारी करून येतं. जाड पुस्तकं स्वतंत्र वाचनाच्या कपाटात ठेवावीत.

चाळीस जणांच्या वर्गासाठी एकाच पुस्तकाच्या चाळीस प्रती घेण्याऐवजी सात पुस्तकांच्या सहा-सहा प्रती घेतल्या तर खर्च जवळपास तेवढाच होतो आणि मुलांना निवड मिळते. सातही पुस्तकं एकाच अवघडपणाची नसावीत, पण कोणतं सोपं हे मुखपृष्ठावरून किंवा रंगीत चिकटपट्टीवरून कळता कामा नये. या वयात मुलं सोपं पुस्तक हातात घेऊन मिरवत नाहीत, ती ते दप्तरातच ठेवतात. खरेदीआधी प्रत हातात घेऊन बघा. पान उजेडात धरल्यावर मागची अक्षरं दिसत असतील तर कागद पातळ आहे. नुसती डिंकानं चिकटवलेली जाड पुस्तकं वर्गातल्या हाताळणीत मधोमध उकलतात, शिवलेली बांधणी टिकते.

आणि निवडलेलं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत स्वतः वाचा. हिंसा, लैंगिक उल्लेख किंवा जातीवाचक शब्द आले की पुस्तक बाद करायची गरज नसते. पान क्रमांक टिपून ठेवा आणि हे पुस्तक का निवडलं, तो प्रसंग वर्गात कसा हाताळणार, हे अर्ध्या पानावर लिहून मुख्याध्यापकांकडे आधीच द्या. पालकांनी विचारलं तर तोच कागद दाखवता येतो. एखाद्या मुलाला ते पुस्तक नकोच असेल तर त्याच विषयावरचं दुसरं पुस्तक तयार ठेवा.