तुम्ही विचारलंत म्हणून: वीस रुपयांचं रोप

“रोप तर वीस रुपयांना मिळतं. मग तुम्हाला लाखांची देणगी कशाला लागते?”

लग्नात, एसटीत, एकदा तर बँकेच्या रांगेत मला हे विचारलं गेलंय. प्रश्न रास्त आहे. आम्ही पाच-सहाजण सिंधुदुर्गात रानजायफळाचं झाड वाचवायच्या मागे लागलोय. त्याचं रोप वीस रुपयांना मिळत नाही. बहुतेक नर्सऱ्यांत मिळतच नाही.

हे झाड तुम्ही पाहिलं नसेल, खाल्लं मात्र असेल. मसाल्याच्या दुकानात जायपत्रीच्या शेजारी रामपत्री असते ना, ती याच्या बीवरची साल. रानातून गोळा होते. झाड आता जागतिक लाल यादीत धोक्यातल्यांमध्ये आहे. दोडामार्गात बांबर्डे इथे याच्याच कुळातल्या झाडांची दलदल आहे. 2021 मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. केवढी, तर जेमतेम अडीच हेक्टर. आम्ही राखतो त्या रायीला, म्हणजे झाडांच्या बनाला, असला काही दर्जा नाही.

याचं बी पिशवीत भरून ठेवता येत नाही. सुकलं की मेलं. झाडाखालून उचलायचं आणि लगेच रुजत घालायचं, तेही धनेश पक्ष्याने काही शिल्लक ठेवलं तर. शिवाय नर झाड वेगळं, मादी वेगळं. एका ठिकाणी चार जुनी झाडं सापडली म्हणून आम्ही पेढे वाटले. फुलावर आली तेव्हा कळलं, चारही नर.

आता देणगी. ठरावीक नफ्याच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजोपयोगी कामांवर, खर्चावे लागतात. अशाच एका कंपनीचं मंजुरीचं पत्र मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. खर्च 31 तारखेच्या आत दाखवायचा. फॉर्मवर पहिलाच रकाना, ‘लावलेल्या झाडांची संख्या’. बी अजून पिकायचं होतं. पैसे बाणेदारपणे परत केले असं लिहायला आवडलं असतं. घेतले, आणि कुंपण घातलं.

परदेशात अशा झाडांना पैसे देणारे निधी आहेत. अबुधाबीचा मोहम्मद बिन झायेद निधी एकेका प्रजातीसाठी 25,000 डॉलरपर्यंत देतो. स्वित्झर्लंडचं फ्रँकलिनिया फाउंडेशन तर धोक्यातल्या झाडांसाठीच आहे. पण परदेशी पैशाला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, ती आमच्याकडे नाही. पूर्वी नोंदणीवाल्या मोठ्या संस्थेला आपल्या पैशातला वाटा आमच्यासारख्यांना देता यायचा. 2020 च्या दुरुस्तीनंतर तेही बंद.

आणि खरा खर्च कुठल्याच रकान्यात बसत नाही. आमची राय सामाईक. सातबाऱ्यावर सत्तावीस नावं, त्यांतले एकोणीसजण मुंबईत. रबर लावायला जमीन शोधणारा त्यांना फोनवर भाव सांगतो. आम्हाला सगळे एकदम भेटतात ते चतुर्थीला. मग दारोदार गणपतीच्या पाया पडायचं, करंज्या खायच्या आणि हळूच ‘दहा वर्षं तोडणार नाही’ असा कागद पुढे करायचा. बाकीच्यांनी सह्या केल्या. एका काकीने कागद तसाच परत सारला. “झाड तुम्ही राखा. पण तेच्या सावळेत माजी काजी धरणत नाय, तेचा काय?”

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. काजूची नुकसानभरपाई आम्ही दर वर्षी देतो. हिशोबात ती ‘प्रवास व इतर’ खाली जाते, आणि ऑडिटर दर वर्षी भुवया उंचावतो.

उरलेला पैसा आमच्या राखणदाराच्या पगारात जातो. कुठलं झाड मादी, बी कधी पडायला लागतं, ओहोळ अलीकडे कुठून अडवला गेला, हे सगळं त्याच्या डोक्यात. देणगीदार म्हणतात, पगार सोडून काहीही मागा. तो सोडून गेला तर नवा माणूस तयार व्हायला किती पावसाळे जातील, हे प्रस्तावात कसं लिहायचं ते मला अजून जमलेलं नाही.

यंदा आम्ही 140 बिया रुजत घातल्या. 61 उगवल्या. तुमच्या वीस रुपयांच्या दराने 1,220 रुपयांची रोपं झाली.